तेहतीस आणि एक तृतीयांश

आमच्या घरात पहिलं गाणं वाजण्याआधी शंभर फेरे मोजले गेले. नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे, दादांचे, धाकटे भाऊ, ओसरीवर मांडी घालून बसले होते. समोर रेकॉर्ड वाजवायची पेटी, पेटीत गरगरणारी मोठी काळी रेकॉर्ड आणि तिच्या मधल्या लेबलवर भाताच्या शिताने चिकटवलेला कागदाचा कपटा. सुई बाजूला ठेवलेली, म्हणजे आवाज नाहीच. कपटा नानांच्या अंगठ्यासमोरून गेला की ते एक आकडा म्हणायचे आणि मी दादांचं मनगटी घड्याळ घेऊन सेकंदकाट्यावर डोळे लावून बसले होते. तीन मिनिटं भरली तशी मी "झाली!" म्हणून ओरडले. नाना म्हणाले, "सत्त्याण्णव," आणि त्यांचा चेहरा उतरला. मग पेटी उघडली गेली. आतल्या रबरी चाकावर धूळ आणि तेल बसून ते गुळगुळीत झालं होतं. ते स्पिरिटने पुसलं, काचकागदाने हलकं घासलं. दुसऱ्या खेपेला नव्याण्णव आले. तिसऱ्या खेपेला, संध्याकाळचा मिलचा भोंगा व्हायच्या सुमारास, शंभर. नानांनी मायला हाक मारून सगळ्यांसाठी गूळ मागवला. गाणं अजून कुणी ऐकलंच नव्हतं.

आम्ही तेव्हा अमळनेरला राहत होतो. दादा तेलाच्या मिलमध्ये होते आणि त्यांच्या सदऱ्यालाच काय, आमच्या पांघरुणांनाही शेंगदाण्याच्या तेलाचा वास होता. मायच्या हातच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास त्यावर मात करायचा तेवढाच. नाना शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. सायकलच्या मागे हत्यारांची पिशवी लावून धरणगावपर्यंत जायचे आणि कुणाच्या मशिनीची वादी सैल आहे, कुणाची बॉबीन अडकते, हे त्यांना गावातल्या माणसांच्या नावांपेक्षा जास्त पाठ असायचं. धरणगावच्या एका डॉक्टरीणबाईंची मशीन ते वर्षानुवर्षं बघत आले होते. त्या गाव सोडून निघाल्या तेव्हा त्यांनी बंद पडलेली ही पेटी आणि रेकॉर्डींचं एक खोकं नानांना देऊन टाकलं. नानांना गाण्याचं वेड होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना फिरणाऱ्या वस्तूंचं वेड होतं. गाणं त्यातून आपोआप येत असेल तर येवो बापडं.

खोक्यात तीन जातीच्या रेकॉर्डी निघाल्या. जेवणाच्या ताटाएवढ्या मोठ्या, ज्यांच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं गाणी चालत. बशीपेक्षा थोड्या मोठ्या, धाकट्या. आणि भाकरीएवढे जुने जड तवे, जे हातातून सुटले की ज्वारीच्या बिबड्याच्या पापडासारखे तुकडे होत. त्यातले निम्मे आमच्याकडे यायच्या आधीच फुटले होते. पेटीच्या कडेला एक खटका होता आणि त्यावर सोळा, तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर असे आकडे. सोळाचं काय करायचं ते कुणालाच कधी कळलं नाही. बाकीच्यांचं नानांनी आम्हाला शिलाईच्या भाषेत समजावलं. रीळ भराभर ओढलं तर लवकर संपतं. तवा मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे खातो म्हणून तीन-साडेतीन मिनिटांत त्याचं गाणं आटोपतं, शिवाय त्याच्या रेघाही जाड, म्हणून त्याला सुईची दुसरी बाजू लागते. मोठीच्या रेघा बारीक आणि चाल सावकाश, म्हणून ती पुरते. आमच्या अक्काने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, लगेच विचारलं की मोठीच्या लेबलवर तेहतीसला ते एक तृतीयांश कशाला चिकटवलंय. नाना म्हणाले, "ती भानगड माले सांगता येवाव नही. पन तीन मिनिटमा बरोबर शंभर फेरा होतस, इतलं माले समजनं." शाळेतल्या कुठल्याही गुरुजींनी अपूर्णांक मला इतका सुंदर करून सांगितला नाही.

मग त्यांनी पेटीच्या झाकणावर आतून खडूने नियम लिहिला. "मोठी ती तेहतीस, धाकली ती पंचेचाळीस, जड तवा तो अठ्ठ्याहत्तर. बठ्ठं आकारवर शे," म्हणजे सगळं आकारावरच ठरतं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. परवा माझ्या नातवाने पुण्याहून नवीकोरी रेकॉर्ड मागवली आणि फोनवर मला आकार सांगून विचारलं की आजी, ही कुठल्या वेगावर लावू. मी त्याला म्हटलं, आकार मला सांगूच नकोस, लेबल वाच. तो हसला. त्याला काय ठाऊक, हे शहाणपण मी कुठून आणलंय.

अक्काचं नाव लीला. ती अकरावीला इंग्रजीत उडाली आणि घरी बसली, म्हणजे लोकांच्या भाषेत बसली. प्रत्यक्षात मी तिला बसलेली कधी पाहिली नाही. ती पीठ मळताना सुद्धा पायाने ताल धरायची. नाच तिला कुणी शिकवला नव्हता. बघितलेलं एकदा अंगात उतरलं की ते तिचं व्हायचं. मी तेव्हा आठवीत होते आणि माझ्यापुरतं सांगायचं तर जगातला सगळ्यात हुशार माणूस माझ्या शेजारी एकाच गोधडीत झोपत होता. आमच्या शाळेतल्या सुमनबाईंनाही तसंच वाटत असावं. त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारून अक्काला दर शनिवारी मुलींचा नाच बसवायला बोलावलं, आणि धुळ्याच्या आंतरशालेय स्पर्धेला आमच्या आठ मुलींचा चमू जाईल असं ठरलं. शाळा तिला पुढेही कायम बोलवायला तयार होती. नड होती ती दादांची. नाच हा शब्दच त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मायने दोन दिवस धुसफूस केल्यावर ते एवढंच म्हणाले, "धुळ्याले जा. नंबर उना तर पुढे शिकाड. नही उना तर हाई नाचनं बंद." दादांचा शब्द आमच्या घरात मिलच्या भोंग्यासारखा होता, त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नसे.

नाचासाठी रेकॉर्ड मिळाली ती लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्या सखाराम आबांकडून. लगीनसराईत चार मांडवांतल्या रेकॉर्डी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून आबा प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही लेबलांवर स्वतःच्या नावाची कागदी चिठ्ठी खळ लावून चिकटवत. आम्हाला दिलेल्या धाकट्या रेकॉर्डवर चिठ्ठी होती, 'सखाराम लाउडस्पीकर, चौदा, बासरी'. आत नुसती बासरी आणि ढोल, गळा नाहीच. लग्नात बासरी कुणाला हवी असते, त्यामुळे आबांनी ती बहुधा एकदाही लावली नसेल. आम्ही ती घरी आणली, नानांच्या नियमाप्रमाणे खटका पंचेचाळीसवर सरकवला आणि ओसरीवर पहिल्यांदा ऐकली तेव्हा सगळ्यांचे पाय हलायला लागले. काय वेग होता! अक्काने त्यावर हरणांचा नाच बसवला. अकरा उड्या. दोन महिने आम्ही आठ जणी त्या ओसरीवर धडधड उड्या मारत होतो. माय चुलीपुढून ओरडायची की डाळीचे फुनके वाफवतेय, भिंत पडेल. दादा जेवताना म्हणायचे, "चालनं का तुमनं ते टिनटिन?" आणि नाना आपले प्रत्येक वेळी फेरे मोजत. ती बाजू बरोबर तीन मिनिटं चालते, एकशे पस्तीस फेऱ्यांची आहे, हे त्यांना पाठ झालं होतं. स्पर्धेची मर्यादा चार मिनिटांची होती, म्हणजे तीही काळजी नव्हती.

धुळ्याला आम्ही सकाळच्या एस.टी.ने गेलो. आठ मुली, सुमनबाई, अक्का आणि सोबतीला नाना. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती आणि चटणीतलं तेल घुंगरांच्या पिशवीला लागलं म्हणून मी बोलणी खाल्ली होती. एका शाळेच्या सभागृहात स्पर्धा होती, आमची पाळी दुपारी तीनला. सकाळी प्रत्येक शाळेने आपली रेकॉर्ड मंचाच्या बाजूला बसलेल्या ध्वनिवाल्या काकांकडे द्यायची आणि थोडी लावून बघायची. काका वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात रुमाल. त्यांनी आमची रेकॉर्ड हातात घेतली, नाना म्हणाले म्हणून पंचेचाळीसवर लावली आणि चार ठोके ऐकून सुई उचलली.

"ही पंचेचाळीसची नाही," काका म्हणाले.

"धाकली शे ना," नाना म्हणाले. "धाकली पंचेचाळीसच."

"आकारावर जाऊ नका हो. धाकट्यासुद्धा तेहतीसच्या निघतात. ढोल ऐका ना. चामडं असं वाजतं का? पत्र्याचा डबा वाजतोय नुसता." मग त्यांनी रुमालाचं टोक पाण्यात बुडवून आबांची चिठ्ठी भिजवली आणि नखाने हळूच सोलली. खाली, लेबलच्या कडेला, छापलेलं होतं. तेहतीस आणि एक तृतीयांश.

नाना ते बघत राहिले. शंभर फेऱ्यांसाठी दिवसभर रबर घासणारा माणूस, आणि त्याचाच आकडा त्या चिठ्ठीखाली दोन महिने झाकलेला. "चूक मनी शे," ते म्हणाले. काका भले माणूस होते. ते म्हणाले, पोरींनी ज्यावर बसवलंय त्यावरच लावतो, परीक्षकांना कळेलच असं नाही. सुमनबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण अक्का म्हणाली, "काका, एकदा तेहतीसवर पूर्ण लावा. मला ऐकायचीय."

काकांनी खटका सरकवला. मी आयुष्यात पुष्कळ गाणी ऐकली, पण ती चार मिनिटं मला आजही बसल्या जागी आठवतात. जी बासरी आमच्या ओसरीवर चिवचिवत होती ती खाली उतरली, रुंद झाली. वाजवणारा मध्ये श्वास घेत होता, तो श्वाससुद्धा ऐकू आला. दोन महिने आम्हाला तो माणूस दिसलाच नव्हता. ढोल जमिनीतून यावा तसा येत होता. अक्का तिथेच फरशीवर बसली आणि गुडघ्यांना मिठी मारून ऐकत राहिली. संपलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी घाबरले. मला वाटलं, नाच गेला म्हणून रडतेय.

"काका," ती उठत म्हणाली, "तीन वाजता अशीच लावा."

सुमनबाईंनी तिचा दंड धरला. "लीला, वेडी झालीस का? अकरा वाजलेत. वडिलांची अट विसरलीस? नंबर नाही आला तर तुझं शिकवणं आजच संपेल." नाना तर हात जोडायचेच बाकी होते. "ऐक मनं, अक्का. पंचेचाळीसवर लावाले सांग. पोरीसले तेच येस."

अक्का नानांना म्हणाली, "नाना, ज्यानी बासरी वाजाडी त्यानी ती अशी वाजाडी. माले मालूम नव्हतं तवलोंग ठीक व्हतं. आते मी त्याले कसाले पळाडू?"

ती एकोणीस वर्षांची होती. मी आज सत्तरीला टेकले आहे, चाळीस वर्षं नोकरी केली, अनेक मोठी माणसं पाहिली, आणि तरी स्वतःचं सगळं पणाला लागलेलं असताना इतक्या साध्या आवाजात असं बोलणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

सभागृहामागे लिंबाच्या झाडाखाली तिने आम्हाला उभं केलं आणि तोंडाने सावकाश ताल देत हरणांचा नाच सुरू केला. पहिल्या उडीलाच तो कोसळला. पाऊल हळू टाकता येतं, हात हळू फिरवता येतो, पण उडी हळू मारता येत नाही. वर गेलेलं माणूस ठरल्या वेळी खाली येतंच. आम्ही दर वेळी तालाच्या आधी जमिनीवर आदळत होतो. पोरी हसायला लागल्या, मग दोघी रडायला लागल्या. अक्का थोडा वेळ नखं खात उभी राहिली. मग तिने विचारलं, "दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला कोण कोण गेलं होतं?" सहा हात वर झाले. "वेचून दाखवा," ती म्हणाली. आम्ही ओढण्या कमरेला ओटीसारख्या बांधल्या आणि वाकलो. दोन्ही हातांनी बोंड धरायचं, काटा बोटाला लागू न देता कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा, कंबर धरून सरळ व्हायचं. अक्का ताल देत होती आणि आमचे हात त्या तालात आपोआप पडत होते. जिथे जिथे उडी होती तिथे तिथे तिने वेचणी घातली. हरणं गेली, शेत आलं. उरलेल्या दोघींना अर्ध्या तासात जमलं. जेवणाच्या सुट्टीत काकांनी आमच्यासाठी रेकॉर्ड दोनदा लावली आणि दुसऱ्या खेपेला स्वतः भाकरी हातात धरून बघत उभे राहिले.

त्याच वेळी नाना काडीने मातीत हिशेब करत बसले होते. ते एकदम उठून काकांकडे धावले. एकशे पस्तीस फेरे तेहतीसच्या चालीने चार मिनिटं आणि तीन सेकंद घेणार होते. चार मिनिटांना घंटा होणार होती आणि घंटेनंतर नाच चालू राहिला तर चमू बाद. काका म्हणाले, मग शेवटी आवाज बंद करू. अक्का म्हणाली, शेवट तोडायचा नाही. नाना म्हणाले, "मंग पहिलाच दोन फेरा सोडा. सुई ठेवा, आवाज बंद, हाते दोन फेरा फिरावा, आन तठेच धरी ठेवा." सुरुवातीला नुसता ढोलच होता, दोन फेरे गेले तरी काही बिघडणार नव्हतं. काकांनी नानांकडे चष्म्यावरून नीट बघितलं आणि विचारलं, तुम्ही कुठे काम करता. नाना म्हणाले, शिलाई मशीन. काकांनी त्यांना शेजारची खुर्ची दिली आणि तीन वाजता दोघं मिळून त्या रेकॉर्डवर ओणवे झालेले मी मंचावरून पाहिले.

नाच सुरेख चालला होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते सांगताना आजही माझे कान गरम होतात. सभागृह शांत झालं होतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीचे हात मांडीवर आमच्याबरोबर कापूस वेचत होते. सात वेचण्या झाल्या, आठ झाल्या. नववीला सात मुली खाली वाकल्या आणि मी उडी मारली. दोन महिन्यांची सवय, पाय माझं ऐकेनात. सगळ्या खाली आणि मी एकटी हवेत. लोक हसले. मी खाली आले, वाकले, पुढचं सगळं बरोबर केलं, आणि घंटा व्हायच्या आत नाच संपला. पण त्या उडीने जायचं ते गेलं होतं. पाच वाजता निकाल लागला. तीन नंबर वाचले, त्यात आम्ही नव्हतो. परीक्षकबाई नंतर सुमनबाईंना म्हणाल्या की एक मुलगी चुकली नसती तर विचार केला असता.

मी घुंगरांच्या पिशवीत तोंड खुपसून रडत होते. अक्का येऊन शेजारी बसली. मला मार हवा होता, खरं सांगते. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ती हसायलाच लागली. "मंदे," ती म्हणाली, "तू एकलीच पंचेचाळीसवर व्हती." मग मीही रडता रडता हसले. पण एस.टी.त ती अमळनेर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी पोहोचलो तेव्हा दादा नुकतेच मिलमधून येऊन हातपाय धूत होते. अक्काने चप्पल काढली आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं, "दादा, नंबर उना नही." दादा पंच्याने हात पुसत राहिले. मला राहवलं नाही. मी सगळं ओकून टाकलं, चिठ्ठी, तेहतीस, लिंबाचं झाड, माझी उडी. माझ्यामुळे गेला, अक्काचा काही दोष नाही, असं चारदा म्हणाले. नाना मध्येच म्हणाले की दोष त्यांचा, नियम त्यांनी लिहिला. सोपं करता येत होतं पण हिने केलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. दादांनी अक्काकडे पाहिलं. "लाव बरं," ते म्हणाले.

अक्काने पेटी उघडली, खटका तेहतीसवर ठेवला आणि सुई टेकवली. दादा पंचा हातात धरून उभेच होते. चार मिनिटं ते हलले नाहीत. माय चुलीपुढून उठून दारात आली. बाजू संपली, सुई रेघेत कुरकुरायला लागली तेव्हा दादा म्हणाले, "आन पहिले कशी वाजे?" अक्काने खटका पंचेचाळीसवर सरकवला. बासरी चिवचिवली, ढोलाचा डबा झाला. दहा सेकंदही झाले नसतील, दादांच्या तोंडून हसू फुटलं. मी त्यांना असं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. "बंद कर, बंद कर," ते हात हलवत म्हणाले, आणि सदरा खुंटीवर टांगता टांगता, पाठ आमच्याकडेच ठेवून, त्यांनी विचारलं,

"शनवारले शाळामा कितला वाजता जानं पडस तुले?"